थोरल्याला वगळून

नामपूरच्या माणसाला ‘तुम्ही कुठले?’ असं उभ्या उभ्या विचारू नये. विचारणाऱ्याची एसटी चुकते. जिल्हा नाशिक. तालुका कागदावर बागलाण, बोलण्यात सटाणा. लोकसभेचं मत धुळ्याला. लग्नाचा बस्ता मालेगावला. घरात बोलणं अहिराणी. ते ऐकून नाशिकचे लोक आम्हाला खानदेशी समजतात आणि खानदेशातले लोक नाशिककडचे. १८६९ साली इंग्रजांनी नाशिक जिल्हा वेगळा केला तेव्हा बागलाण खानदेशातून उचलून त्यात टाकलं. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, ही तक्रार अजून ताजी आहे. त्याच्याही आधी, १६३८ साली औरंगजेबाने मुल्हेर घेतलं तोवर, बागलाण हे बागुलांचं स्वतंत्र राज्य होतं. हे वाक्य आमच्याकडे वरचेवर ऐकू येतं, विशेषतः सरकारी कचेरीतून कोणी हात हलवत परत आलं की.

त्यामुळे उत्तर आयर्लंड नावाचा एक प्रदेश आहे, तो आयर्लंड बेटावर आहे पण आयर्लंड देशात नाही, लंडनच्या राज्यात आहे पण लंडनच्या बेटावर नाही, आणि एवढं असून त्याचा स्वतःचा फुटबॉल संघ आहे, हे ऐकल्यावर बाजार समितीबाहेरच्या हॉटेलात एकाही माणसाने नकाशा मागितला नाही. ‘म्हणजे आपलंच गाव,’ नाना म्हणाले आणि त्यांनी बशीत चहा ओतला.

हा विषय काढला होता सरांनी. सर म्हणजे निवृत्त क्रीडाशिक्षक. नोकरीभर त्यांनी पोरांना फुटबॉल शिकवायचा प्रयत्न केला आणि पोरांनी गोलपोस्टचा खांब स्टंप म्हणून वापरला. सरांचा भाचा कॉम्प्युटरच्या नोकरीत डब्लिनला असतो. तो फोनवर मामांना तिकडच्या पावसाचं सांगतो, मामा त्याला इकडच्या कांद्याच्या भावाचं सांगतात, आणि दोघंही एकमेकांची समजूत घालून फोन ठेवतात. अशाच एका फोनात त्याने २०११ सालच्या एका स्पर्धेची हकिगत सांगितली. सरांनी ती भलतीच मनावर घेतली. लिलावाला अवकाश होता, ट्रॅक्टर रांगेत लागलेले होते, आणि रांगेतल्या माणसाला वेळच वेळ असतो हे सरांना ठाऊक होतं. त्यांनी जाहीर केलं, ‘आपल्याकडे कसमादेचा फुटबॉल कप झालाच पाहिजे.’

कसमादे म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा. सरकारी दप्तरात असा कुठला प्रदेश नाही. वर्तमानपत्रात मात्र तो रोज असतो. कसमादेत गारपीट होते, कसमादेत कांदा गडगडतो, कसमादेचे शेतकरी रास्ता रोको करतात. चौघं तालुके एकत्र येतात ते संकटातच. खेळायला म्हणून कधी आले असतील असं निदान हॉटेलातल्या कोणाला आठवेना.

आता भाच्याची हकिगत. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड हे चौघं १८८३-८४ पासून दरवर्षी आपापसात फुटबॉल खेळत. मधली महायुद्धं सोडली तर हा शिरस्ता शंभर वर्षं चालला. आयर्लंडचे पुढे दोन तुकडे झाले, तेव्हा उत्तरेकडचा तुकडा या पंगतीत राहिला आणि डब्लिनवाले बाहेर पडले. गंमत म्हणजे १९५० पर्यंत दोन्ही तुकडे स्वतःच्या संघाला ‘आयर्लंड’च म्हणवत आणि दोघंही सगळ्या बेटावरचे खेळाडू उचलत, काही पठ्ठे दोन्हीकडून खेळून गेले. रग्बीत आणि क्रिकेटमध्ये तर आजही आयर्लंड एकच असतं. फुटबॉल आला की दोन होतात. ‘आमच्या भाऊबंदकीतबी असंच शे,’ नाना म्हणाले, ‘लग्नात एक, बांधावर दोन.’

शेवटचं वर्ष १९८३-८४ चं. त्या वर्षी चौघांचे सामने झाले, हिशेब झाला, आणि चौघांचेही गुण सारखे. प्रत्येकी ३. शंभर वर्षं भांडून अखेर सगळे बरोबरीत! गोलांच्या फरकावर उत्तर आयर्लंडला विजेता ठरवलं आणि कप कायमचा त्यांच्याकडे राहिला, कारण त्यानंतर स्पर्धाच नव्हती. इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोघांनी आधीच जाहीर केलं होतं की आता पुरे, वेळ नाही, धाकट्यांशी खेळून गर्दीही जमत नाही. लगेच १९८५ पासून या दोघांनी आपापसात खेळायला दुसरा कप काढला. वेल्स आणि उत्तर आयर्लंड बघत राहिले.

इथे आबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. आबांना स्वतःचे तीन थोरले भाऊ आहेत.

पुढे पंचविसेक वर्षांनी धाकट्यांनी मनावर घेतलं. स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड आणि परत बोलावून आणलेला डब्लिनवाला आयर्लंड, अशा चौघांनी ठरवलं की आपण सगळे केल्ट रक्ताचे, शेजारी, एका दुःखाचे. आपण आपला कप खेळू. थोरल्या इंग्लंडला बोलवायचंच नाही. २०११ साली डब्लिनच्या नव्याकोऱ्या अविवा स्टेडियमवर स्पर्धा झाली. कार्लिंग बिअरवाल्यांनी पैसे दिले, म्हणून कपाला त्यांचंच नाव. आयर्लंडने वेल्सला ३-० आणि उत्तर आयर्लंडला ५-० हरवलं, आणि शेवटच्या सामन्यात रॉबी कीनच्या एका गोलवर स्कॉटलंडला हरवून कप घरातच ठेवला.

सगळं छान झालं, फक्त माणसं आली नाहीत. स्टेडियम पन्नास हजारांवर माणसं बसतील एवढं. पाहुण्या प्रेक्षकांवर घातलेल्या अटी पटल्या नाहीत म्हणून उत्तर आयर्लंडच्या समर्थकांनी मे महिन्यातल्या सामन्यांवर बहिष्कार टाकला. २७ मे २०११ ला वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचा सामना झाला तेव्हा प्रेक्षकांची अधिकृत नोंद झाली ५२९.

‘पाचशे एकोणतीस हजार?’ नानांनी विचारलं.

‘नुसते पाचशे एकोणतीस.’

‘एवढी माणसं तर आपल्याकडे साखरपुड्याला ऱ्हातस!’

पुढची खेप वेल्समध्ये व्हायची होती, ती झालीच नाही. आणि २०१३ साली इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनला १५० वर्षं झाली म्हणून थोरल्याने वेम्ब्लीला एक सामना ठेवला, तेव्हा पाहुणा म्हणून कोण गेलं? स्कॉटलंड. थोरल्याला वगळून कप खेळणारा हाच तो धाकटा. ऐंशी हजारांवर माणसं बघायला आली, इंग्लंड ३-२ जिंकलं, आणि स्कॉटलंडवाले हरूनही खूश होऊन घरी गेले म्हणतात.

शहाण्या माणसाने या हकिगतीवरून असा कप काढायचा नाद सोडला असता. सरांनी यावरून असा कप आपण काढलाच पाहिजे असा निष्कर्ष काढला. क्रीडाशिक्षकाचा पिंडच तो.

हॉटेलाच्या शेजारी मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. ते चालवणारा पोरगा क्रिकेटचा जिवंत जंत्रीकार. त्याला फुटबॉलशी देणंघेणं नव्हतं, पण थोरल्या-धाकट्याचा विषय निघाल्यावर त्याला राहवेना. ‘सर, स्कॉटलंड कशाला पाहिजे? आपल्या राज्यातच तेच आहे की.’

आणि हे खरं आहे. एका युनायटेड किंग्डमचे फुटबॉलमध्ये चार संघ, म्हणून आपण त्यांना हसतो. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला सगळ्यांचा मिळून एक संघ करायची वेळ आली तर स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या असोसिएशननी नाकं मुरडली. त्यांना भीती अशी की एकदा एकत्र खेळलो तर पुढे कायमचं एकत्र खेळायला लावतील. आपल्याकडे १ मे १९६० ला संयुक्त महाराष्ट्र झाला. १०६ हुतात्मे झाले, मुंबई मिळाली, विदर्भ आला. क्रिकेटला मात्र तो निरोप अजून पोहोचलेला नाही. रणजी करंडकात आजही मुंबई वेगळी, विदर्भ वेगळा आणि महाराष्ट्र वेगळा. ज्या संघाचं नाव महाराष्ट्र आहे त्यात राज्याची राजधानी नाही आणि उपराजधानीही नाही. आमचा नाशिक जिल्हा या महाराष्ट्रात येतो, म्हणजे पुण्याच्या असोसिएशनखाली. म्हणजे नामपूरच्या पोराने चेंडू चांगला वळवला तर जिल्हा नाशिक, खासदार धुळ्याचा आणि कॅप पुण्याची. गुजरातचंही असंच आहे म्हणा: गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र. एका घराचे तीन उंबरे ठेवायचे आणि तिन्हीकडून पाहुणचार घ्यायचा, ही कला इंग्रजांनी आपल्याला शिकवली की आपण त्यांना, हे सांगणं अवघड आहे.

आता या तिघांत इंग्लंड कोण, यावर मतदान घ्यायची गरज नव्हती. मुंबई. रणजी करंडक सुरू झाला १९३४-३५ साली, आणि मुंबईने २०२३-२४ मध्ये तो ४२व्यांदा जिंकला. महाराष्ट्राने दोनदा: १९३९-४० आणि १९४०-४१. त्या दोन्ही वेळी कर्णधार होते प्राध्यापक दि. ब. देवधर. संस्कृत शिकवणारे, पन्नाशीला टेकलेले. ‘शिक्षक होते,’ सरांनी हॉटेलभर नजर फिरवत सांगितलं. त्यानंतर कप घरी आलेला नाही. पण पोरगा म्हणाला की महाराष्ट्राच्या क्रिकेटचं खरं दर्शन जिंकण्यात नाही, १९४८-४९ च्या एकाच हंगामात आहे, आणि मला त्याचं म्हणणं पटलं.

त्या हंगामात पुण्याला भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२ चा जागतिक विक्रम नऊ धावांवर. महाराष्ट्र ४ बाद ८२६. खेळ मधल्या सुटीसाठी थांबला, आणि काठियावाडच्या कर्णधाराने, जो राजकोटचा संस्थानिक होता, सांगितलं की झालं तेवढं पुरे, आम्ही सामना सोडतो. आणि संघ घेऊन निघून गेला. निंबाळकर कायमचे नऊ धावा मागे राहिले. आमच्या मोसम खोऱ्यात या प्रकाराला नाव आहे, पण ते छापता येत नाही.

त्याच हंगामात, त्याच पुण्यात, उपांत्य सामना मुंबईशी. मुंबई पहिल्या डावात ६५१. महाराष्ट्र ४०७. इथवर ठीक. आता २४४ ची आघाडी हातात असताना माणूस काय करेल? मुंबईने पुन्हा फलंदाजी केली आणि ८ बाद ७१४ वर डाव सोडला. महाराष्ट्रानेही हार मानली नाही. समोर साडेनऊशेच्या वर धावांचं आव्हान, तरी ६०४ केल्या आणि ३५४ धावांनी हरले. एका सामन्यात २३७६ धावा. प्रथम श्रेणी क्रिकेटचा तो विक्रम आहे. चौथ्या डावात सहाशे धावा करून साडेतीनशेने हरायचं, हे मुंबईसमोरच जमतं. थोरला भाऊ नुसता जिंकत नाही, तो तुम्हाला जिवापाड मेहनत करायला लावून मग जिंकतो.

विदर्भाची गोष्ट निराळी. त्यांनी धाकटेपणाचं दुःख करत बसण्याऐवजी थोरल्याच्या घरातली माणसं आणली. मुंबईचे चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, मुंबईचा वासिम जाफर फलंदाजीला. २०१७-१८ ला पहिला रणजी करंडक, पाठोपाठ २०१८-१९ ला दुसरा. मग २०२३-२४ च्या अंतिम सामन्यात वानखेडेवर मुंबईने त्यांना १६९ धावांनी हरवलं, तर पुढच्याच हंगामात त्यांनी नागपूरला उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी घरी पाठवलं आणि करंडक तिसऱ्यांदा घेतला. नाना हे सगळं तन्मयतेने ऐकत होते. ‘मंग आपण मालेगावचा कोच आणूत,’ ते म्हणाले.

इथे विषय रुळावर आला, किंवा रुळावरून घसरला. कारण मालेगावचं काय करायचं हा प्रश्न आतापर्यंत कोणी उघड काढला नव्हता.

मालेगाव हे कसमादेचं इंग्लंड. २०११ च्या जनगणनेत साडेचार लाखांवर वस्ती, महानगरपालिका, यंत्रमाग, बाकी तिघांना मिळून जेवढी दुकानं नाहीत तेवढी एकेका रस्त्यावर. आबांचं म्हणणं सरळ होतं. मोसम नदी हरणबारीच्या धरणातून निघून आमच्या दारावरून मालेगावला जाते. पाणी तिकडे जातं, माल तिकडे जातो, पोरं शिकायला तिकडे जातात, आजारी माणूसही तिकडेच नेतात. ‘आता कपबी तिकडेच पोहोचता करायचा का?’ हॉटेलात सगळ्यांनी माना डोलावल्या. मालेगावला वगळायचं ठरलं. हा ठराव दोन मिनिटांत, एकमताने, अतिशय प्रेमळ वातावरणात पास झाला. कळवण, सटाणा आणि देवळा हे किती सख्खे आहेत हे मालेगाव वगळल्याबरोबर सगळ्यांच्या लक्षात आलं. नानांनी तर देवळ्याच्या पाहुण्यांची चौकशीही केली.

मग पोराने हळूच शंका काढली की कसमादेतून मालेगाव काढलं तर उरतं ‘कसदे’. अशा नावाचा कप कोणी घेईल का? पाच मिनिटं दुसरी नावं शोधण्यात गेली. गिरणा चषक म्हणावं तर गिरणा मालेगावला जाते. मोसम चषक म्हणावं तर मोसमही मालेगावलाच जाते. या भागातल्या नद्यांनी फार पूर्वीच निकाल लावून ठेवलेला आहे.

खरी पंचाईत पुढेच होती. केल्ट कोण, हा प्रश्न त्या स्पर्धेलाही पडलेला असणार. कारण भाषेचं रक्त लावलं तर कॉर्नवॉल येतं, आइल ऑफ मॅन येतं, फ्रान्समधलं ब्रिटनी येतं. कोणाकोणाला नाही म्हणायचं? रणजीतही मराठी शेजाऱ्यांचा कप काढायचा तर बडोद्याला कसं वगळाल? सांगलीच्या विजय हजारेंनी बडोद्याकडून खेळताना १९४७ च्या अंतिम सामन्यात गुल महंमदबरोबर ५७७ धावांची भागीदारी केली होती, आणि समोर कोण होतं? होळकर. गायकवाड विरुद्ध होळकर असा सामना इतिहासात पुष्कळदा झाला असेल, पण क्रिकेटच्या बॅटने झालेला तो सर्वात रीतसर. होळकरांचा संघ चारदा रणजी जिंकला आणि संस्थानापाठोपाठ इतिहासजमा झाला. आता त्याला कुठून बोलवणार?

आमच्याकडे हा प्रश्न अहिराणीने आणला. आबा म्हणाले, बोली एक ती माणसं एक. मग साक्री-पिंपळनेरला घ्या, तिकडची अहिराणी आपल्यासारखीच. सर म्हणाले, ते धुळे जिल्ह्यात. आबा म्हणाले, आपला खासदारही धुळ्याचाच. याला उत्तर नव्हतं. पण साक्री घेतली तर शिरपूर का नको, शिरपूर घेतलं तर अमळनेर का नको, असं करत करत जळगाव आलं, आणि जळगाव आलं म्हणजे पुन्हा थोरला आला. एक थोरला मोठ्या कष्टाने घालवला होता.

तारखेच्या चर्चेला मी इथे फार जागा देत नाही, कारण तारीख नाहीच. मार्च ते मे उन्हाळ कांद्याची काढणी आणि चाळी भरायची घाई. त्यातच चैत्रात सप्तशृंगीची यात्रा, निम्मा खानदेश पायी वणीला निघालेला. आणि गड कळवण तालुक्यात, म्हणजे कळवणचा संघ पाहुण्यांच्या चहापाण्यात. लग्नसराई वेगळी. पावसात मैदान नाही. नवरात्रात पुन्हा वणी. मार्गशीर्षात सटाण्याला देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा. उरलेल्या दिवसांत डाळिंबाची फवारणी. डब्लिनलाही हेच झालं होतं: दोन सामने फेब्रुवारीच्या थंडीत, बाकीचे हंगाम संपल्यावर मे अखेरीला, दमलेल्या पायांनी. तिकडे मोठे क्लब खेळाडू सोडत नाहीत. इकडे घरचे सोडत नाहीत. ‘फुटबॉल खेळाले चालना’ असं सांगून ज्याला कांद्याच्या काढणीतून सुटी मिळेल तो पोरगा बागलाणात अजून जन्माला यायचा आहे.

मात्र पाहुण्यांच्या यादीवर चर्चा चांगली रंगली, कारण त्यात हॉटेलातल्या प्रत्येकाला अनुभव होता. कसमादे लोकसभेच्या दोन मतदारसंघांत वाटलेलं आहे. बागलाण आणि मालेगाव धुळ्यात, कळवण आणि देवळा दिंडोरीत. म्हणजे खासदार दोन. विधानसभेचे मतदारसंघ पाच: कळवण, बागलाण, मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि देवळा ज्यात येतो तो चांदवड. एकूण सात मान्यवर, ज्यांतल्या एकालाही वगळता येत नाही, मालेगावला वगळलं तरी. मालेगावचा संघ नको पण मालेगावचे दोन्ही आमदार पाहिजेत, असं ठरलं. शिवाय आजी आले की माजी आले. सभापती, उपसभापती, संचालक. पोराने कागदावर व्यासपीठ मांडून बघितलं. मैदानातल्या बावीस खेळाडूंपेक्षा वर बसलेली माणसं जास्त होत होती. त्यावर नाना म्हणाले, भाषणं मध्यंतरात ठेवा. सरांनी सांगितलं की फुटबॉलचं मध्यंतर १५ मिनिटांचं असतं. नानांना ते खोटं वाटलं. १५ मिनिटांत आमच्याकडे हार घालून होत नाहीत.

नियमांचं काय, असंही कोणी तरी विचारलं. सरांना हीच संधी पाहिजे होती. जगभर फुटबॉलचे नियम ठरवणारं जे मंडळ आहे त्यात आठ मतं असतात. चार फिफाची, म्हणजे उरलेल्या सगळ्या जगाची, आणि चार या चार भावांची, प्रत्येकी एक. नियम बदलायला सहा मतं लागतात. म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्यातल्या दोघांनी तरी मान डोलावल्याशिवाय ब्राझीललाही ऑफसाइड बदलता येत नाही. कपाला ५२९ माणसं जमवता येवोत न येवोत, मंडळावरची खुर्ची सोडलेली नाही. हे ऐकून हॉटेलात प्रथमच आदराची शांतता पसरली. ‘मंडळ ताब्यात पाहिजे,’ संचालकपदाची एक निवडणूक लढलेले आबा म्हणाले. ‘खेळ काय, होत राहतो.’

लगेच मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष आबा, कार्याध्यक्ष नाना, सरचिटणीस सर. मोबाईलवर ग्रुप निघाला. पोराने तालुक्यातालुक्यातल्या ओळखीच्यांना त्यात घातलं आणि गडबडीत मालेगावचा एक यंत्रमागवाला आत गेला. सरांच्या जुन्या विद्यार्थ्याचा साडू. त्याने ग्रुपमध्ये लगेच लिहिलं: कल्पना उत्तम, चेंडू, जर्सी आणि कप माझ्याकडून, फक्त अंतिम सामना मालेगावला, लाईट लावून, रात्री खेळवू, पब्लिक मी जमवतो.

हॉटेलात बराच वेळ कोणी बोललं नाही. जर्सी. लाईट. पब्लिक. मघाशी आपण ज्याला वगळलं त्याच्याकडेच या तिन्ही गोष्टी आहेत हे सगळ्यांना एकदम दिसलं. आबांनी मोबाईल हातात घेऊन तो मजकूर पुन्हा वाचला. मग म्हणाले की मालेगावला वगळायचं असं आपण म्हटलं होतं ते तत्त्व म्हणून म्हटलं होतं.

मालेगाव आत आलं. पण थोरला आत आला की धाकट्यांना आपापलं धाकटेपण आठवतं. नानांनी आता वेगळाच मुद्दा काढला: सटाण्याच्या संघात नामपूरची पोरं किती घेणार? निवड कोण करणार? सटाणावालेच ना? मग त्यात नामपूरचा एक पोरगा घेतील, तोही पाणी द्यायला. आपली बाजार समिती सटाण्यापासून वेगळी आहे. त्यांची नदी आरम, आपली मोसम. उत्तर आयर्लंडला वेगळा संघ मिळतो, तर नामपूरला का नाही?

यावर टाळ्या पडल्या. सरांनाही भरून आलं. त्यांना वाटलं, निदान एका गावात तरी फुटबॉल येतोय. ‘स्वतंत्र नामपूर संघ’ असं त्यांनी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाकावरून, जिथे एक माणूस मघापासून लिलावाच्या भोंग्याची वाट बघत खारी खात होता, आवाज आला, ‘अंबासननं काय?’

‘अंबासनचं काय म्हणजे?’

‘नामपूरना संघ नामपूरवाला निवडतीन. आमना पोरेस्नी काय पानीच देवानं का?’

नाना त्याला समजावू लागले की अंबासन आणि नामपूर काय वेगळं, आपण सगळे मोसम खोऱ्यातले, एका बोलीचे, शेजारी. भोंगा वाजला तेव्हा नाना अजून समजावतच होते, आणि त्यांचा ट्रॅक्टर रांगेत पुढे सरकवायला शेवटी अंबासनवालाच उठला.